उपयोजित गणिताचा विद्यार्थी : साधनं भरपूर, प्रश्न कुठे आहेत?

‘उपयोजित गणिताच्या विद्यार्थ्यांसाठी साधनं आणि संधी’ असा आजचा विषय आहे. त्यामुळे तुमच्यापैकी बरेच जण नावं उतरवून घ्यायला वही उघडून बसले असतील. नावं आम्ही देणार आहोत, काळजी नको. पण नुसती यादी वाचून दाखवायला व्याख्यान कशाला हवं? आम्हाला करायचं आहे ते या साधनांचं परीक्षण. कादंबरीचं करतो, नाटकाचं करतो, तसंच. ज्या व्याख्यानांवर, पुस्तकांवर आणि परीक्षांवर मुलं आपली दोन-दोन, तीन-तीन वर्षं लावतात, त्यांची समीक्षा मराठीत फारशी होत नाही. ‘हे बघा, फुकट आहे, फार छान आहे’ एवढ्यावर आपण थांबतो.

बोलताना एक विद्यार्थिनी डोळ्यांसमोर ठेवू. तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय गणित. घरचे म्हणतात, ‘एक वर्ष बघ, नाहीतर बी.एड. कर.’ म्हणजे तिच्या हातात एक वर्ष आहे, एक मोबाइल आहे आणि साधनांचा ढीग आहे. चुकीच्या साधनावर हे वर्ष गेलं तर दुसरं मिळणार नाही. म्हणून परीक्षण करायचं.

परीक्षणाला मोजपट्टी लागते. आमची मोजपट्टी दोन प्रश्नांची. या साधनात गणिताचा प्रश्न कोण तयार करतं? आणि आपलं चुकलं तर ते आपल्याला कोण सांगतं? हेच दोन का, ते आधी एका उदाहरणानं स्पष्ट करू.

पीक कापणी प्रयोग हा शब्द शेतकरी घरातल्या मुलांना ठाऊक असतो. शेतात ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, तेवढंच पीक कापायचं, वजन करायचं आणि त्यावरून हेक्टरी उत्पादन काढायचं. पीक विम्याची भरपाई ठरवताना मंडळाचं सरासरी उत्पादन अशाच प्रयोगांवरून काढलं जातं. आता प्रश्न असा, की तुकडा केवढा घ्यायचा? लहान घेतला तर काम स्वस्तात, झटपट होतं. मोठा घेतला तर मजुरी वाढते.

१९४० च्या दशकात यावर आपल्या देशात मोठा वाद झाला. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालमधल्या पाहण्यांत लहान तुकडे वापरले होते. दुसऱ्या बाजूला होते पांडुरंग वासुदेव सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, लंडनहून संख्याशास्त्र शिकून आलेले. सुखात्म्यांनी प्रत्यक्ष शेतातल्या प्रयोगांवरून दाखवलं, की लहान तुकड्यात उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. कारण सीमेवरची रोपं. दोरी जिथून जाते तिथलं रोप आत घ्यायचं की बाहेर सोडायचं? कापणाऱ्याचा हात बहुधा ते आत घेतो.

एक साधा हिशोब करून बघा. समजा चारी बाजूंनी फक्त १० सेंटीमीटरचं जास्तीचं पीक आत आलं. तुकडा १ मीटर बाय १ मीटर असेल, तर प्रत्यक्षात कापलं १.२ बाय १.२, म्हणजे १.४४ चौरस मीटर. उत्पादन ४४ टक्के फुगलं. तुकडा १० बाय ५ मीटरचा असेल, तर कापलं १०.२ बाय ५.२, म्हणजे ५३.०४ चौरस मीटर. फुगवटा जेमतेम ६ टक्के. चूक तीच, हात तोच, दोरी तीच. आणि असे तुकडे शंभर घेतले काय, हजार घेतले काय, सरासरी काढून हा फुगवटा जात नाही, कारण सगळ्या चुका एकाच बाजूला आहेत. उत्पादन जास्त दिसलं की विम्याची भरपाई कमी होते, हे सांगायला नकोच.

या हिशोबात दहावीच्या पुढचं गणित नाही. तरी आमच्या मते हे उपयोजित गणिताचं उत्तम उदाहरण आहे, कारण अवघड भाग आकडेमोडीत नव्हता. बांधावर उभं राहून ‘सीमेवरच्या रोपाचं काय?’ हे विचारणं अवघड होतं. आणि ते विचारल्यावर खरं-खोटं ठरवायला शेतच होतं. म्हणून आमचे दोन प्रश्न : प्रश्न कोण तयार करतं आणि चूक कोण दाखवतं. आता ही मोजपट्टी घेऊन एकेक साधन बघू.

सुरुवात सगळ्यात प्रसिद्ध साधनापासून. एमआयटीच्या गिल्बर्ट स्ट्रँग यांची लिनिअर अल्जिब्राची व्याख्यानं. १९९९ मध्ये चित्रित झालेली, एमआयटीच्या ओपनकोर्सवेअरवर जगाला खुली असलेली. स्ट्रँग १९६२ पासून तिथे शिकवत होते, शेवटचा तास त्यांनी मे २०२३ मध्ये घेतला. पहिल्या व्याख्यानात ते दोन साधी समीकरणं घेतात : २क्ष वजा य बरोबर शून्य, आणि वजा क्ष अधिक २य बरोबर ३. शाळेत आपण हे दोन रेषांचा छेदनबिंदू म्हणून शिकतो. स्ट्रँग तेही दाखवतात आणि मग म्हणतात, आता उभ्या स्तंभांकडे बघा. (२, −१) हा सदिश एकदा घ्या, (−१, २) दोनदा घ्या, बेरीज (०, ३) येते. उत्तर तेच, क्ष बरोबर १, य बरोबर २. पण बघण्याची जागा बदलली, आणि पुढचा सगळा विषय या दुसऱ्या जागेवरून उलगडतो. शिक्षक म्हणून हे पहिल्या प्रतीचं काम आहे, यात वाद नाही.

तक्रार आहे ती वेगळीच. या फळ्यावरचे आकडे शिकवण्यासाठी निवडलेले आहेत, आणि तसेच असायला हवेत. पण पाहणाऱ्याला वाटायला लागतं, की समीकरणं अशीच असतात आणि उत्तरं पूर्णांकातच येतात. आता आमची दोन समीकरणं बघा. क्ष अधिक य बरोबर २. क्ष अधिक १.०००१ य बरोबर २. उत्तर : क्ष २, य शून्य. आता दुसऱ्या समीकरणातल्या उजवीकडच्या २ च्या जागी २.०००१ लिहा. उत्तर : क्ष १, य १. चौथ्या दशांश स्थळी एकाचा फरक, आणि उत्तर पार बदललं. तो उजवीकडचा आकडा वजनकाट्यावरून आला असेल तर कोणत्या उत्तरावर विश्वास ठेवायचा? लिनिअर अल्जिब्रा ‘उपयोजित’ होते ती इथे. स्ट्रँग यांना हे माहीत नाही असं कोण म्हणेल! संगणकीय गणितावरचे त्यांचे वेगळे अभ्यासक्रम त्याच ठिकाणी उपलब्ध आहेत. पण आपली मुलं पहिली मालिका बघून थांबतात, ‘स्ट्रँग झाला’ म्हणतात. मोजपट्टी लावली तर : प्रश्न स्ट्रँग यांचा, आणि चुकलं तर सांगणारं कोणी नाही. गृहपाठ आणि उत्तरं दिलेली आहेत, पण उत्तर आधी बघायचं की नंतर, हे आपल्या मनावर.

दुसरं साधन पुस्तक. स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ यांचं ‘नॉनलिनिअर डायनॅमिक्स अँड केऑस’, १९९४ चं. कॉर्नेलमधली त्यांची या विषयावरची व्याख्यानंही चित्रित स्वरूपात बघायला मिळतात. हे पुस्तक आम्हाला मनापासून आवडतं. डिफरन्शियल इक्वेशन सुटलं नाही तरी चित्र काढून त्याचं वागणं समजतं, हे इतक्या सोप्या भाषेत सांगणारं पुस्तक विरळा. त्यात सुरुवातीच्याच प्रकरणांत एक भाग अळ्यांच्या उद्रेकावर आहे. पूर्व कॅनडातल्या जंगलांत एक अळी वर्षानुवर्षं दबून असते आणि मग एकाएकी बेसुमार वाढून झाडं उघडी करते. मॉडेल असं, की अळ्या वाढतात, पण जागेची मर्यादा आहे. पक्षी त्या खातात. अळ्या थोड्या असतील तर पक्षी तिकडे फिरकतच नाहीत, आणि फार झाल्या तर पक्ष्यांचं पोट भरतं, त्याहून जास्त ते खाऊ शकत नाहीत. एवढ्यातून निघतं काय, तर अळ्यांची संख्या दोन पातळ्यांवर स्थिर राहू शकते, कमी किंवा प्रचंड. परिस्थिती थोडीशी सरकली की खालच्या पातळीवरून उडी वरच्या पातळीवर. आणि परिस्थिती पुन्हा पूर्वीसारखी झाली तरी संख्या लगेच खाली येत नाही.

आमची विद्यार्थिनी हे वाचते. ती यवतमाळ जिल्ह्यातली आहे असं समजा. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं विदर्भातला कापूस कसा खाल्ला, हे तिच्या घरानं पाहिलेलं आहे. तिला वाटतं, हे तर आमचंच गणित! तर नाही. इथे थांबायला हवं. गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत असते, पक्ष्याला ती सापडणार कशी? म्हणजे पुस्तकातलं पक्ष्यांचं पद काढून टाकावं लागेल. कॅनडातलं जंगल बारमाही, कापूस हंगामी. मग दोन हंगामांच्या मधे अळी काय करते? सुप्तावस्थेत जाते, सरकीत किंवा पिकाच्या अवशेषांत राहते. शेतकऱ्यानं फरदड घेतली, पऱ्हाट्या शेतातच राहिल्या, तर तिला आयतं घर मिळतं. म्हणजे तुमच्या समीकरणात फरदडीसाठी एक आकडा हवा.

आणखी पुढे. कृषी खातं सांगतं, की कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग आले की उपाययोजना करा. पण सापळ्यात फक्त नर येतात. मादीच्या गंधाची लालूच आहे ना ती! मग नरांच्या मोजणीवरून सगळ्या संख्येचा अंदाज कसा करायचा? आठच का, सहा का नाही? फवारणीचा खर्च वाढला तर हा आकडा बदलायला हवा की नको? पुस्तकातल्या कोणत्याही उदाहरणापेक्षा हे प्रश्न कमी प्रतीचे नाहीत. आणि ते विचारायला लागणारी माहिती या मुलीकडे बोस्टनमधल्या विद्यार्थ्यापेक्षा जास्त आहे. स्ट्रोगॅट्झ यांच्या पुस्तकावर आमची टीका इतकीच, की ते इतकं सुंदर आहे की वाचणारा त्यातच रमतो. मॉडेल कुठे मोडतं हे शोधायला पुस्तक मिटावं लागतं.

आता आपल्या देशातली साधनं. एनपीटीईएल २००३ पासून आहे, आयआयटी आणि आयआयएससीच्या शिक्षकांचे अभ्यासक्रम आहेत. न्यूमरिकल ॲनालिसिस, डिफरन्शियल इक्वेशन्स, ऑप्टिमायझेशन, सगळं. तालुक्याच्या कॉलेजात जे शिकवायला माणूस नाही, ते इथे मिळतं. ऐकायला पैसे लागत नाहीत, प्रमाणपत्राच्या परीक्षेला शुल्क आहे. स्ट्रँगपेक्षा एक गोष्ट इथे जास्त आहे : दर आठवड्याचा गृहपाठ ठरल्या तारखेला द्यावा लागतो. म्हणजे चूक दाखवणारं काहीतरी आहे. पण ते बहुतेक वेळा संगणकानं तपासलेलं बहुपर्यायी उत्तर असतं. पर्याय ‘क’ चुकला एवढं कळतं, आपला युक्तिवाद कुठे घसरला ते कळत नाही. आणि प्रमाणपत्रांचा नाद लागतो. फाइलमध्ये सात प्रमाणपत्रं आणि हातानं सोडवलेला एकही प्रश्न नाही, अशी अवस्था व्हायला वेळ लागत नाही.

आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरिअल हे आम्हाला दुर्लक्षित वाटतं. सायलॅब, पायथन, लेटेक अशा मोफत सॉफ्टवेअरचे छोटे छोटे पाठ आहेत, अनेक पाठ मराठी आवाजातही आहेत. ऐकायचं, थांबवायचं, शेजारच्या खिडकीत करून बघायचं. इंग्रजीच्या धाकानं मागे राहिलेल्या मुलाला ही खरी मदत आहे. त्याच संस्थेच्या फॉसी प्रकल्पात पाठ्यपुस्तकातल्या सोडवलेल्या उदाहरणांचे प्रोग्राम लिहून देण्याचं काम विद्यार्थ्यांना मिळतं, त्याचं मानधनही असतं. इथे चूक दाखवायला संगणक बसलेलाच आहे : स्वल्पविराम चुकला तरी तो पुढे जात नाही. प्रश्न मात्र पुन्हा पुस्तकाचा, आणि उत्तर छापलेलं.

मग येतात परीक्षा. एम.एस्सी.साठी आयआयटीचं दार जॅम या परीक्षेतून उघडतं. गणिताच्या पेपरात कलन, लिनिअर अल्जिब्रा, ग्रुप थिअरी, रिअल ॲनालिसिस हे विषय येतात. न्यूमरिकल ॲनालिसिस नाही, मॉडेल बांधणं नाही, प्रोग्रामिंग नाही. म्हणजे उपयोजित गणितात जायचं असलं तरी फाटकावर शुद्ध गणितच विचारणार. याला आमचा विरोध नाही. पाया तोच आहे, आणि तीन तासांच्या पेपरात बोंडअळी कशी विचारणार? आक्षेप आहे तो या परीक्षेभोवती उभ्या राहिलेल्या सवयीवर. वर्षभर फक्त जुने पेपर सोडवायचे, आणि पेपरात नाही ते गणितच नाही असं मानायचं. परीक्षा तुम्हाला आत घेते. आत गेल्यावर काय करायचं ते ती शिकवत नाही. ज्यांना संख्याशास्त्राची ओढ आहे त्यांनी जॅममध्ये त्याचा वेगळा पेपर आहे हे लक्षात ठेवावं. बऱ्याच मुलांना हे अर्ज भरताना कळतं.

शिबिरांत एमटीटीएसचं नाव घ्यायलाच हवं. १९९३ मध्ये एस. कुमरेसन यांनी सुरू केलेलं उन्हाळी शिबिर, राष्ट्रीय उच्च गणित मंडळाच्या पाठबळावर चालत आलेलं. तिथे शिक्षक उत्तर सांगत नाही, विचारत राहतो. तुम्ही फळ्याजवळ उभे, आणि ‘हे का?’ हा प्रश्न सुटका देत नाही. आमच्या दुसऱ्या कसोटीवर हे साधन सगळ्यात वर आहे, कारण चूक जिथे झाली तिथेच पकडली जाते. विषय मात्र प्रामुख्यानं शुद्ध गणिताचे. पुण्याचं स. प. महाविद्यालय आणि होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र यांची माधव गणित स्पर्धाही अशीच : बी.एस्सी.च्या मुलांना विचार करायला लावणारी, पण प्रश्न परीक्षकांनी घडवलेले.

पहिल्या कसोटीवर उतरणारी एक स्पर्धा आम्हाला माहीत आहे, ती अमेरिकेतली. कोमॅप या संस्थेची मॅथेमॅटिकल काँटेस्ट इन मॉडेलिंग, १९८५ पासूनची. जास्तीत जास्त तिघांचा चमू, सुमारे चार दिवस, पुस्तकं-संगणक सगळं वापरायला मोकळीक, आणि प्रश्न मुद्दाम अर्धवट ठेवलेला. काय गृहीत धरायचं ते तुम्ही ठरवायचं, आणि शेवटी अहवाल लिहायचा, कारण उत्तराइतकंच ते समजावून सांगणं महत्त्वाचं. शुल्क डॉलरमध्ये आहे, ते प्रत्येकाला झेपणार नाही. पण जुने प्रश्न वाचायला मिळतात. तिघं मैत्रिणींनी एक शनिवार-रविवार एक जुना प्रश्न घेऊन बसावं. खर्च चहाचा.

एवढ्या परीक्षणातून आमच्या हाती काय लागलं? शिकवणारी साधनं उत्तम आहेत, आणि पूर्वी कधी नव्हती इतकी जवळ आहेत. पण त्यांतली बहुतेक सगळी, प्रश्न आधीच तयार करून ताटात वाढतात. उपयोजित गणिताच्या विद्यार्थ्याला जे आलं पाहिजे, म्हणजे गोंधळलेल्या परिस्थितीतून गणिताचा प्रश्न काढणं, त्याची सवय ती लावत नाहीत. व्हिडिओ कितीही चांगला असला तरी ही सवय तो एकटा लावू शकणार नाही. ती गावातच लावावी लागेल, आणि त्यासाठी कॉलेजनं काहीतरी करावं लागेल.

काय करता येईल? नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्या राज्यातल्या पदवी अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्टला श्रेयांक आहेत. गणित विभागांत हा प्रकल्प कागदोपत्री उरकला जाण्याचा धोका मोठा आहे, कारण ‘गणिताचं फील्ड कुठलं?’ असं सगळ्यांनाच वाटतं. फील्ड म्हणजे शेतच घ्या की. राज्याच्या क्रॉपसॅप प्रकल्पात किडींच्या नोंदी घेतल्या जातात, पीक कापणी प्रयोग दर हंगामात होतात, कृषी खात्याची माणसं गावात येतात, नागपूरला केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, अकोल्याला कृषी विद्यापीठ आहे. शेत नको तर एस.टी.चं आगार आहे, ग्रामीण रुग्णालयाची रांग आहे, टँकरच्या फेऱ्या आहेत. गणिताच्या एका शिक्षकानं वर्षाला असा एकच प्रश्न घ्यावा, आणि जिचा तो प्रश्न आहे त्या खात्यातल्या माणसाला मुलांचं उत्तर तपासायला बोलवावं. ‘हे असं होत नाही हो’ असं त्यानं एकदा म्हटलं, की दहा प्रमाणपत्रांचं काम होतं.

आणि ज्या मुलीकडे एकच वर्ष आहे, तिला आमचं सांगणं थोडक्यात. जॅमचा अभ्यास कर, ते दार सोडू नकोस. त्यासाठी स्ट्रँग बघ, पण प्रत्येक व्याख्यानानंतर आकडे बदलून स्वतःचं समीकरण सोडव. स्पोकन ट्युटोरिअलवरून पायथन किंवा सायलॅब यांपैकी एकच शीक. एमटीटीएसचा अर्ज भर. आणि आठवड्यातले दोन तास आपल्या गावच्या एका प्रश्नाला दे, वहीत लिहून, तारखेसकट. उद्या मुलाखतीत ‘उपयोजित गणितच का?’ असं विचारलं, तर सात प्रमाणपत्रांपेक्षा ती वही जास्त बोलेल. आणि निवड झाली नाही, बी.एड. करावं लागलं, तरी ती वही वाया जात नाही. उलट पुढच्या वर्गाला असा प्रश्न देऊ शकणारी एक शिक्षिका तालुक्याला मिळते. तशा शिक्षकांची आपल्याकडे किती गरज आहे, हे या सगळ्या परीक्षणानंतर वेगळं सांगायला नको.

आता तुमचे प्रश्न घेऊ.